बोधचिन्ह कसे काढावे?

परदेशातल्या शाळेशी मैत्री जोडायची, तर दोघांचे मिळून एक बोधचिन्ह लागते. आपण काय करतो? शाळा, झेंडा, पृथ्वी, हात... सगळंच कोंबतो!

पाचशेच्या नोटेची मागची बाजू बघा. तिथे गांधीजींचा चष्मा आहे. चेहरा नाही, झाडू नाही, तरी ओळख पटते की नाही? स्वच्छ भारत अभियानाचे हे चिन्ह २०१४ साली कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी स्पर्धेसाठी काढले. नोटेवर ते केवढेसे आहे, पण चटकन कळते.

म्हणून आपले चित्र आधी नखाएवढे काढून पाहा. शाळेची इमारत नुसता ठिपका होते. आपल्या घाटंजीकडचे फुटलेले कापसाचे बोंड मात्र तेवढ्यातही ओळखू येते. आणि तिकडच्या मुलांना बोंड कळलं नाही तर? विचारतील ना, मग आपण सांगू!