लपविलेले पाते आणि पोलिसांची सुरक्षितता

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. विळा, कुऱ्हाड, कोयता ही येथील घराघरांतील अवजारे होत. शेताकडे निघालेल्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड दिसली, तर कोणी दचकत नाही. परंतु तेच पाते उपरण्याआड दडवून कोणी भांडणाच्या जागी आला, तर त्याचा अर्थ पालटतो. समोरच्या पोलिसास हा फरक क्षणार्धात ओळखावा लागतो.

कायद्यानेही हा फरक मानला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील २०१६ च्या नियमांनुसार तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांसारखी, तसेच ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रे ठरतात. घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनविलेली अवजारे मात्र त्यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये मनाई आदेश जारी झाल्यास सुरे, काठ्या इत्यादी बाळगण्यासही बंदी घालता येते.

तथापि, कायद्याचे माप हे सुरक्षिततेचे माप नव्हे. चार इंचांचा चाकूही प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, हल्लेखोर २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापू शकतो. म्हणून पोलिसाची नजर संशयिताच्या चेहऱ्यापेक्षा हातांवर असावी. कमरेशी वारंवार जाणारा हात, पाठीमागे दडविलेला हात, उन्हाळ्यातही अंगाभोवती घट्ट लपेटलेली घोंगडी या खुणा दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. अंतर राखावे आणि शक्यतो एकट्याने झडती घेऊ नये. खिशात एकदम हात न घालता प्रथम बाहेरून चाचपावे. एक हत्यार सापडले म्हणजे झडती संपली, असेही समजू नये.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ व ५० अन्वये अटक केलेल्या व्यक्तीची झडती घेण्याचा व तिच्याजवळील घातक हत्यारे काढून घेण्याचा अधिकार आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनता राखून, घ्यावयाची असते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मारेगाव तालुक्यातील हिवरी येथे आरोपीस पकडण्यास गेलेल्या पथकावर हल्ला होऊन एका पोलिस कर्मचाऱ्यास प्राण गमवावे लागले. हल्ल्याला हत्यार कोणतेही चालते. धोका असतो तो बेसावध क्षणात. अशा प्रसंगी गावाचे साहाय्य मोलाचे ठरते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेले पोलिस पाटील, सरपंच व शिक्षक यांना गावातील माणसांचा स्वभाव ठाऊक असतो. कोण संतापी आहे, कोणाच्या घरात कोणती हत्यारे आहेत, हे पथक दाराशी पोहोचण्यापूर्वी कळले, तर पोलिसाचा आणि आरोपीचाही जीव वाचू शकतो. पोलिस बोलत असताना भोवती गर्दी न करणे, हेही साहाय्यच होय.

शेतकऱ्याच्या विळ्याकडे संशयाने पाहणे हा सावधपणा नव्हे. त्या विळ्यामागचा हात ओळखणे, हाच खरा सावधपणा होय.