वारशाचे घड्याळ

वेळ कळावी म्हणून मनगटी घड्याळ बांधण्याची गरज आता उरलेली नाही. रायपूरच्या तेलीबांधा तलावाभोवती सकाळी फेऱ्या घालणारी मंडळी किती वाजले हे पाहायचे झाले, की खिशातला मोबाइल काढतात. असे असूनही रोज चावी द्यावी लागणारी, दिवसाकाठी काही सेकंद मागेपुढे होणारी घड्याळे जपानमध्ये आजही तयार होतात. त्यांपैकी काही तर मोजक्याच संख्येने काढली जातात आणि जाणकार त्यांसाठी मोठी रक्कम मोजतात. या विसंगतीचा उलगडा करायचा, तर घड्याळ ज्या परंपरेतून आले त्या परंपरेकडे थोडे वळून पाहिले पाहिजे.

जपानमध्ये पूर्वी दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा असे भाग मानीत. ऋतूप्रमाणे दिनमान बदलले, की हे भागही लहानमोठे होत. आपल्याकडचे प्रहर आठवावेत, म्हणजे ही कल्पना परकी वाटणार नाही. १ जानेवारी १८७३ पासून जपानने पाश्चात्त्य पंचांग आणि चोवीस समान तासांची गणना स्वीकारली, आणि जुनी घड्याळे एकाएकी निरुपयोगी झाली. पुढे १८८१ मध्ये किंतारो हात्तोरी या तरुणाने टोकियोत घड्याळांचे दुकान काढले आणि १८९२ मध्ये ‘सेकोशा’ हा कारखाना सुरू केला. भिंतीवरच्या घड्याळांपासून त्याने आरंभ केला. १९१३ मध्ये त्याच कारखान्यातून ‘लॉरेल’ हे जपानचे पहिले मनगटी घड्याळ बाहेर पडले. १९२३ च्या भूकंपात कारखाना नष्ट झाला. पण दुसऱ्याच वर्षी ‘सेको’ हे नाव तबकडीवर मिरवणारे घड्याळ बाजारात आले.

या परंपरेचा एक टप्पा म्हणजे डिसेंबर १९६० मध्ये निघालेले ‘ग्रँड सेको’. स्विस घड्याळांच्या तोडीचे घड्याळ आपण करू शकतो, हे जपानी कारागिरांना सिद्ध करावयाचे होते. समारंभी पोशाखाला शोभेल असे ते घड्याळ होते: बेताच्या आकाराचे, अंगरख्याच्या बाहीखाली सहज सरकणारे. तबकडीवर अंकांऐवजी नुसत्या रेघा होत्या. त्यात २५ माणके बसवली होती आणि दिवसाकाठी १२ सेकंद पुढे किंवा ३ सेकंद मागे, एवढ्या मर्यादेत ते चालावे असा दंडक होता. त्याची किंमत २५,००० येन होती.

ही माणके शोभेसाठी नसतात. चावी दिली की पोलादी कमान गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडू लागली, की दातेरी चाके फिरतात, आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारे तोलचक्र ती शक्ती समान ठोक्यांनी बाहेर सोडते. ज्या बिंदूंवर ही चाके अखंड फिरतात, तेथे धातू झिजतो. म्हणून तेथे कृत्रिम माणिक बसवितात. घड्याळाची टिकटिक म्हणजे त्या तोलचक्राने शक्तीला घातलेला लगाम होय.

पुढे गंमत अशी झाली, की याच सेकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘ॲस्ट्रॉन’ हे स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. महिन्याकाठी त्यात फार तर ५ सेकंदांची चूक होई. अचूकपणाच्या शर्यतीत चावीचे घड्याळ तेथेच हरले. तरीही २०१७ मध्ये कंपनीने १९६० च्या त्या घड्याळाची नवी आवृत्ती काढली: प्लॅटिनमची १३६, सोन्याची ३५३ आणि पोलादाची १,९६०. ही शेवटची संख्या मूळ घड्याळाचे जन्मवर्ष आहे, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. रूप जुने ठेवले, पण आतले यंत्र नवे घातले. पूर्ण चावी दिली की ते तीन दिवस चालते. संख्येची मर्यादा हा अर्थात व्यापाराचाही भाग आहे. पण जो कारखाना आपले जुने घड्याळ आजही नव्या हातांनी घडवू शकतो, त्याचा वारसा केवळ जाहिरातीपुरता नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

आता आपल्या घरांकडे वळू. जपानी घड्याळविद्येची दुसरी एक शाखा आपल्या देशात येऊन रुजली आहे. १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने सिटिझन या जपानी कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने बंगळूर येथे मनगटी घड्याळे करावयास प्रारंभ केला. त्यांतील ‘जनता’ हे १७ माणकांचे, हाताने चावी देण्याचे घड्याळ. जपानी कंपनीचे ते घड्याळ मोजक्यांसाठी होते, तर हे नावाप्रमाणेच सर्वांसाठी. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात वसलेली मराठी घरे असोत, की पुण्या-नागपुरातली, असे घड्याळ अनेक कपाटांत आजही पडून असेल. परीक्षेत पास झाल्याबद्दल मिळालेले, लग्नात जावयाला दिलेले, किंवा वडिलांच्या निवृत्तीच्या वेळचे. २०१६ मध्ये कंपनीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. जपानमध्ये कारखाना आपला वारसा स्वतः सांभाळतो; आपल्याकडे ते काम आता घराघरांवर आणि गल्लीतल्या घड्याळजीवर येऊन पडले आहे.

आणि खरी चिंता येथेच आहे. घड्याळ मोडले तर दुरुस्त होते. पण दुरुस्त करणारा हात एकदा गेला, की तो परत येत नाही. डोळ्याला भिंग लावून तोलचक्र सरळ करणारे कारागीर बाजारपेठांतून कमी होत आहेत, आणि त्यांच्या बाकड्याशी बसून शिकणारी मुलेही विरळच. तेव्हा कपाटातले घड्याळ काढावे. अनेक वर्षे पडून राहिलेल्या घड्याळातले तेल सुकते, म्हणून चावी देण्याआधी ते जाणत्या घड्याळजीकडून साफ करून घ्यावे. मग ठरलेल्या वेळी रोज बेताने चावी द्यावी आणि घरातल्या एखाद्या मुलालाही ते काम सोपवावे. जपानी घड्याळासाठी लाखांनी रुपये मोजणारा माणूस जे विकत घेतो, त्याचा मोठा अंश आपल्याला त्या कपाटात फुकट मिळतो. घड्याळजीची मजुरी मात्र द्यावी, आणि तीत घासाघीस करू नये.