घरासाठी फरशी : शहाबादी, कोटा की पोर्सिलेन?

घर बांधायला काढले की फरशीचा नंबर शेवटी लागतो. तोवर सिमेंट, लोखंड आणि मजुरीत पैसा संपत आलेला असतो. दुकानात गेल्यावर गिऱ्हाईक दोनच गोष्टी पाहते, चकाकी आणि फुटाचा भाव. पण एकदा बसविलेली फरशी पुन्हा बदलायची तर घर रिकामे करावे लागते आणि सारा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. आपले बरेच वाचक फरशी विकण्याच्या किंवा बसविण्याच्या धंद्यात आहेत. गिऱ्हाईक त्यांनाच विचारते, "यातली चांगली कोणती?" या प्रश्नाचे उत्तर जागा पाहून द्यावे लागते. ते कसे द्यावे, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

आपला दगड आणि बाहेरचा दगड

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) काळ्या पाषाणाचा आहे. सलाबतखानाची कबर याच दगडाची. १५६७-६८ मध्ये उभी राहिलेली दमडी मशीदही घडीव दगडाची. किल्ल्यावर काम करणाऱ्या मजुरांनी दमडी दमडी जमवून ती बांधली, असे सांगितले जाते. भिंतीला आणि पायाला हा दगड पक्का. पण तो थराथराने फुटत नाही, म्हणून त्याच्या पातळ फरश्या सहज निघत नाहीत. चुनखडीचा दगड मात्र थरांचा असतो. म्हणून घरातली दगडी फरशी बहुधा बाहेरूनच आली : कर्नाटकातील कलबुरगी जिल्ह्यातील शहाबादची, तेलंगणातील तांदूरची, आंध्रातील कडप्प्याची आणि राजस्थानातील कोट्याची.

या चारही फरश्या चुनखडीच्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. त्या उन्हाळ्यात पायाला गार लागतात, भार सोसतात. कोटा घासून पॉलिश केला की वर्षानुवर्षे टिकतो आणि झिजला तर पुन्हा घासून नव्यासारखा करता येतो. ही सोय टाईल्समध्ये नाही. पण चुनखडीला आम्ल सोसत नाही. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड पडले की पॉलिश उडून पांढुरका डाग राहतो. संगमरवराचेही तेच. तेव्हा अशी फरशी बसविल्यावर 'ॲसिडने धुऊ नका' हे घरच्या बायाबापड्यांना बजावून सांगणे हे कारागिराचेच काम आहे. ग्रॅनाइटला ही भीती फारशी नाही; ओटा आणि जिन्याच्या पायऱ्यांसाठी तो उत्तम.

पोर्सिलेन ओळखावी कशी?

पोर्सिलेन टाईल म्हणजे माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झची भुकटी दाबून, सुमारे १२०० अंश सेल्सियसला भाजलेली लादी. आपल्याकडे येणारा बराच माल गुजरातेतील मोरबीचा असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार जी टाईल आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी पीत नाही, तीच पोर्सिलेन. भिंतीची साधी टाईल १० टक्क्यांहूनही अधिक पाणी पिते. दोन्ही दिसायला सारख्या असू शकतात.

दुकानात एक साधी परीक्षा करावी. टाईल उलटी करून पाठीवर पाण्याचे थेंब टाकावेत. पाणी झटकन शोषले गेले तर ती भिंतीची टाईल. जमिनीला लावू नये. थेंब तसेच राहिले तर माल घट्ट आहे. मग कड पाहावी. रंग वरच्या पातळ थरातच असेल तर वर्दळीच्या जागी तो झिजून खालचा रंग दिसू लागतो. दोन टाईल्स तोंडाला तोंड लावून पाहाव्यात. मध्ये फट दिसली तर माल वाकडा आहे.

कोणत्या जागी काय?

बैठकीच्या खोलीत पॉलिशची पोर्सिलेन किंवा कोटा, जे परवडेल ते. मोरी, न्हाणीघर, वजूची जागा आणि अंगण येथे चकचकीत टाईल मुळीच नको. ओल्या पायाने म्हातारे माणूस घसरले तर हाड मोडते. तेथे खरखरीत पृष्ठभागाची टाईल किंवा पॉलिश न केलेली शहाबादी घ्यावी आणि ढाळ नीट काढावा. दुकान, कारखाना, गोठा येथे जाड दगडच बरा.

पैसा आधी खाली घाला

नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीवर घाईने भर घालून फरशी बसविली तर महाग टाईलही दबते आणि तडकते. दोष टाईलला लागतो. चूक खाली असते. काळी माती काढून मुरमाचे थर घालावेत, प्रत्येक थर पाणी मारून ठोकावा, त्यावर काँक्रीट करावे, मगच फरशी. पैसे कमी असतील तर टाईल हलकी घ्यावी, भरणी हलकी करू नये.

पोर्सिलेन पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती घट्ट धरत नाही. टाईल चिकटविण्याचे खास मटेरियल वापरावे, २-३ मिलिमीटर सांधा ठेवावा. बसविल्यावर ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर टाईल काढून पुन्हा बसवावी.

हिशेब

खोली १० बाय १२ फूट म्हणजे १२० चौरस फूट. दार सोडून चार इंची स्कर्टिंगचे सुमारे १४. तूटफूट ५ टक्के धरून सुमारे ७. एकूण १४१. दोन बाय दोनच्या चार टाईल्सच्या बॉक्समध्ये १५.५ चौरस फूट बसतात, म्हणजे १० बॉक्स लागतील. सर्व बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे याची खातरजमा करावी आणि पक्के बिल घ्यावे. उरलेल्या टाईल्स जपून ठेवाव्यात. तोच शेड पुढे मिळेलच असे नाही.

कारागिरासाठी

पोर्सिलेन आणि ग्रॅनाइट कोरडे कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडावरचा रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. पाणी सोडून कापावे आणि एन-९५ मास्क लावावा. दगडाच्या धंद्यातील या आजारासाठी राजस्थान सरकारला २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण आणावे लागले. आपल्याकडे १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदविता येते. फरशीवाल्यांनी ही नोंदणी करून घ्यावी. आणि घरमालकाने मजुरी ठरवितानाच पाण्याची व मास्कची सोय आपल्याकडे धरावी. सगळ्या घराच्या खर्चात ती रक्कम फार नाही.