‘ली’ लावली की झालं?

दोस्तहो, विषय व्याकरणाचा आहे म्हणून लगेच पान उलटू नका. हे शाळेच्या पेपरसाठी नाही, प्लेसमेंटसाठी आहे. मागच्या सेमिस्टरला मॉक इंटरव्ह्यू झाले. माझी रूममेट परभणीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि प्रोजेक्टवर तिच्याइतकं राबलेलं आमच्या बॅचमध्ये कोणी नसेल. पॅनेलने विचारलं, प्रोजेक्टमध्ये तुझं काम काय? ती म्हणाली, “आय वर्क्ड हार्डली फॉर सिक्स मंथ्स.” पॅनेल हसलं, मागे बसलेले आमचे कॉन्व्हेंटवालेही हसले. कारण ऐकणाऱ्याला अर्थ लागला, ‘सहा महिने मी जेमतेमच काम केलं.’ पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ती फक्त येस आणि नो म्हणाली. प्रोजेक्टबद्दल एक अक्षर नाही.

रात्री तिने मला विचारलं, “क्विकचं क्विकली होतं, स्लोचं स्लोली होतं, मग हार्डचं हार्डली का नाही गं?” प्रश्न अगदी लॉजिकल आहे. आणि गंमत म्हणजे हसणाऱ्यांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही! आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हे कानाने येतं, कारण कोणी सांगितलेलंच नसतं. (माझं मराठीसुद्धा कानानेच आलेलं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.) म्हणून थोडी पुस्तकं चाळली. त्यातलं कामाचं तेवढं लिहिते.

काम कसं झालं हे सांगणारा शब्द म्हणजे रीतिवाचक क्रियाविशेषण. आपण मराठीत म्हणतो, तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, ते चांगले खेळतात. ‘चांगला मुलगा’ मधलाच चांगला इथे खेळण्याला लागला, वर लिंग-वचनही बदललं. म्हणजे विशेषण आणि क्रियाविशेषण यांत आपण फार भेद करत नाही. इंग्रजी मात्र करते. मुलगा ‘गुड’ असतो, पण खेळतो ‘वेल’. म्हणून ‘ही प्लेज गुड’ हे आपल्या तोंडून सहज निघतं. आपल्याकडे शांतपणे, जोराने, काळजीपूर्वक असे शब्द आहेत ना, त्यातल्या ‘पणे’, ‘ने’, ‘पूर्वक’चं काम इंग्रजीत बहुतेक वेळा ‘ली’ करते.

स्पेलिंगचं झटपट उरकते. शेवटी वाय असेल तर त्याचा आय होतो, हॅपीचं हॅपिली. केअरफुलमध्ये एल आधीच आहे, म्हणून केअरफुलीत दोन एल. सिंपल, जेंटल यांचा शेवटचा ई जातो आणि नुसता वाय लागतो. आणि ज्यांच्या शेवटी आयसी येतं त्यांना ‘ए-एल-एल-वाय’ लागतं, म्हणजे बेसिक, ऑटोमॅटिक, बहुतेक सगळे. पब्लिक तेवढा अपवाद, त्याला सरळ एल-वाय. आपल्या होस्टेलवर दर दुसरं वाक्य ‘बेसिकली’ने सुरू होतं, पण जर्नलमध्ये त्याचं स्पेलिंग दहापैकी आठ जण चुकवतात!

आता हार्डकडे येऊ. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, क्रियाविशेषण करायच्या दोन रीती होत्या. एक, विशेषणाला नुसता ‘ए’ असा उच्चार जोडायचा. दुसरी, ‘लिचे’ जोडायचं. ‘लिच’ म्हणजे शरीर, रूप. आजचा ‘लाइक’ त्याच कुळातला. त्या ‘लिचे’ची झिजून ‘ली’ झाली. पहिल्या रीतीतला शेवटचा उच्चार पुढच्या काही शतकांत गळून पडला. मग हार्डचं क्रियाविशेषण पुन्हा हार्डच दिसायला लागलं. फास्टचंही तसंच. म्हणून ‘वर्क हार्ड’, ‘रन फास्ट’. ही काही सूट दिलेली नाही, ही जुनी, पूर्ण रीत आहे. ‘फास्टली’ नावाची एक अमेरिकन कंपनी आहे, पण आजच्या इंग्रजीत तो शब्द म्हणून वापरत नाहीत.

मग हार्डली कुठून आली? तीही होती, आणि एके काळी तिचा अर्थ ‘जोर लावून’ असाच होता. पुढे तो ‘मुश्किलीने’ झाला, आणि मुश्किलीनेवरून ‘जेमतेम’. विचित्र वाटतं? आपणही म्हणतो की, “लेक्चरला मुश्किलीने पाच जण होते.” तिथे कोणी मुश्कील सोसलेली नसते, फक्त संख्या कमी असते. तोच प्रवास इंग्रजीत झाला. लेट आणि लेटली (अलीकडे), नियर आणि नियरली (जवळजवळ) या जोड्याही अशाच फुटल्या. ‘ही केम लेटली’ म्हटलं तर उशीर झाला हे कळणारच नाही.

पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लोथने 1762 साली व्याकरणाचं पुस्तक लिहिलं आणि अशा बिन-‘ली’च्या वापरांवर नाराजी दाखवली. तेव्हापासून शाळामास्तर त्यांच्या मागे लागले आहेत. 1997 मध्ये अॅपलने ‘थिंक डिफरंट’ ही जाहिरात केली, तेव्हाही ‘डिफरंटली’ हवं म्हणून वाद झालाच. घाटातल्या ‘गो स्लो’ पाटीला मात्र कोणी चूक म्हणू नये, स्लो तिथे पूर्ण हक्काने बसलेला आहे.

उलटा सापळाही आहे. फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली यांना ‘ली’ आहे, पण ही विशेषणं आहेत. त्यांना आणखी एक ‘ली’ लावता येत नाही, ‘इन अ फ्रेंडली वे’ असंच म्हणावं लागतं.

मेसची डाळ घ्या. ‘द दाल स्मेल्स बॅडली’ म्हटलं तर डाळीला नाक आहे आणि तिला वास नीट घेता येत नाही, असा अर्थ होतो. डाळ कशी आहे हे सांगायचं असेल तर ‘स्मेल्स बॅड’. लुक, टेस्ट, फील, साउंड यांच्यापुढेही, वस्तूचा गुण सांगायचा असला की विशेषणच येतं. डाळ ‘टेस्ट्स गुड’ असेल (कधीतरी असते), तर महाराज ‘कुक्स वेल’.

जागेचंही पाहा. मराठीत ‘तो इंग्रजी सफाईने बोलतो’ आणि ‘तो सफाईने इंग्रजी बोलतो’ दोन्ही चालतं. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला बसू देत नाहीत. ‘स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ नाही, ‘स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’.

आणि जागा बदलली की कधीकधी अर्थच फिरतो. ‘ही स्टुपिडली आन्सर्ड द रेक्टर’ म्हणजे रेक्टरना उत्तर दिलं हाच मूर्खपणा, गप्प बसायला हवं होतं. ‘ही आन्सर्ड द रेक्टर स्टुपिडली’ म्हणजे उत्तर द्यायला हरकत नव्हती, दिलं ते मात्र मूर्खासारखं. रात्री अकरानंतर गेटवर पकडले गेलेल्यांनी आपण यातले कोणते ते ठरवावं.