'आरामदायी तंग' म्हणजे नेमकं काय? घोड्याच्या पट्ट्यावरून शिकूया मापन



पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या बहुतेकांना एक प्रश्न हमखास अडवतो: "तुम्ही म्हणताय ते मोजणार कसं?" विषय चांगला असतो, वाचनही झालेलं असतं, पण प्रस्तावात 'समाधान', 'गुणवत्ता', 'आराम' असे शब्द मोकळे सोडलेले असतात. आज आपण असाच एक शब्द घेऊ, 'आराम', आणि तोही अशा प्राण्याचा ज्याला प्रश्नावली भरून देता येत नाही. घोड्याचा.

खोगीर घोड्याच्या पाठीवर टिकून राहावं म्हणून छातीखालून जो पट्टा आवळतात त्याला मराठीत तंग म्हणतात. शब्द फारसीतून आलाय, आणि 'तंग' म्हणजे घट्ट, आवळलेला असाही अर्थ आपण रोज वापरतो. म्हणजे या वस्तूच्या नावातच तिची मूळ अडचण आहे. सैल ठेवला तर खोगीर फिरून स्वार पडतो, फार आवळला तर घोड्याला त्रास होतो. या दोन टोकांमध्ये 'बरोबर' कुठे, हा आपला संशोधन-प्रश्न.

आधी शरीर समजून घ्या

मोजमाप सुरू करण्याआधी ज्या जागी मोजायचं ती जागा माहीत हवी. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे दोन पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीने जोडलेले असतात, आणि छाती त्या झोळीत टांगलेली असते. तंग नेमका या भागातून जातो. मध्यभागी, दोन पुढच्या पायांमागे उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड. तिथून दोन्ही बाजूंना वर जाताना कोपरामागचे स्नायू. प्रत्येक पावलाला कोपर पुढे-मागे होतं आणि हे स्नायू आकसतात, सैलावतात.

आता तुमचा अंदाज सांगा. सगळ्यात जास्त दाब कुठे येत असेल? बरेच जण म्हणतील, मधल्या हाडावर. कारण तिथे मांस कमी आणि हाड कडक. तर्क पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच तो तपासायला हवा.

मोजल्यावर काय दिसलं?

2013 साली 'द व्हेटरिनरी जर्नल'मध्ये मरे आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी तंग आणि घोड्याची कातडी यांच्यामध्ये दाब मोजणारी पातळ चटई ठेवली. अशा चटईत अनेक छोटे सेन्सर असतात, आणि चालत्या घोड्याच्या अंगावर कुठे, केव्हा, किती दाब येतो याचा नकाशा मिळतो. पहिल्या टप्प्यात 10 घोडे आणि वेगवेगळे प्रचलित तंग होते. दुसऱ्या टप्प्यात 20 घोड्यांवर नेहमीचा तंग आणि एक नवा आकार दिलेला तंग यांची तुलना होती.

नेहमीच्या तंगाखाली दाबाची शिखरं मधल्या हाडावर आली नाहीत. ती आली कोपरामागच्या स्नायूंवर, म्हणजे जिथे हालचाल जास्त तिथे. नव्या आकाराच्या तंगाने हा दाब बराच कमी झाला, आणि दुडक्या चालीत घोडे पाय अधिक पुढे टाकू लागले, गुडघा आणि मागचा सांधा जास्त दुमडू लागले.

यातून संशोधनाच्या तीन गोष्टी घ्या.

*एक: बल आणि दाब वेगळे.* तंगाचा ताण सारखा ठेवूनही दाब बदलतो. समजा एखाद्या जागी 100 न्यूटन बल आहे. ते 50 चौरस सेंटीमीटरवर पसरलं तर दाब 20 किलोपास्कल. तेच बल पट्ट्याच्या कडेने 10 चौरस सेंटीमीटरवर आलं तर 100 किलोपास्कल, पाचपट! म्हणून "किती आवळला?" एवढंच विचारून भागत नाही, "भार कुठे आणि किती जागेवर पडला?" हेही विचारावं लागतं. 'रुंद पट्टा म्हणजे आरामदायी' हेही सरसकट खरं नाही. रुंद पट्ट्याची पुढची कड कोपरामागे रुतत असेल तर रुंदीचा फायदा तिथेच संपला.

*दोन: मोजण्याचं साधन स्वतःच ढवळाढवळ करतं.* पट्ट्याखाली चटई घातली की जाडी बदलते, कदाचित चालही. म्हणून या गटाने चाचण्या चटईशिवायही पुन्हा केल्या. तुमच्या अभ्यासात मुलाखत, कॅमेरा, सेन्सर काहीही असो, "माझ्या मोजण्यानेच गोष्ट बदलली का?" हा प्रश्न पद्धतीच्या प्रकरणात असायलाच हवा.

*तीन: लेखक कोण आहेत तेही वाचा.* या पेपरच्या लेखकांमध्ये पशुवैद्यकाबरोबर खोगीर-उद्योगातली मंडळीही होती. याचा अर्थ निष्कर्ष खोटा असा अजिबात नाही. उद्योगाशिवाय असं साधन तयार होणंच अवघड असतं. पण ज्यांचा वस्तूशी संबंध आहे त्यांनी केलेली तुलना दुसऱ्या, स्वतंत्र गटाने करून पाहिली की विश्वास वाढतो. साहित्य-आढाव्यात ही ओळ लिहायला लाजू नका.

घट्टपणाचं काय?

ऑस्ट्रेलियात बॉवर्स आणि स्लोकोम्ब यांनी शर्यतीच्या घोड्यांवर तंगाचा ताण बदलून अभ्यास केले; त्यांचे पेपर 1999 आणि 2005 मध्ये आले. घोडे ट्रेडमिलवर थकेपर्यंत पळवले. ताण जास्त असताना ते लवकर थकले. म्हणजे 'अजून एक भोक आवळ, सुरक्षित राहील' या सवयीची किंमत घोडा मोजतो.

इथे एक सुंदर सापळा आहे. निष्कर्ष वाचल्याबरोबर मनात येतं, "बरोबर, छाती आवळली की श्वास कोंडतो." पण अभ्यासाने दाखवला तो *परिणाम*, *कारण* वेगळ्याने सिद्ध करावं लागतं. छातीचा पुढचा भाग तसाही फारसा फुगत नाही, आणि तिथल्या स्नायूंना पाय हलवायचे असतात. म्हणजे श्वास कोंडणं हे एक संभाव्य कारण, स्नायूंच्या कामात अडथळा हे दुसरं. दोन्हींतून तोच परिणाम निघू शकतो. चर्चेच्या प्रकरणात 'यामुळे' हा शब्द लिहिण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, हे मी मोजलंय की मला वाटतंय?

मग तंग निवडायचा कसा?

आता व्यवहाराकडे येऊ. खाली दिलेला क्रम तबेल्यात वापरता येईल असा आहे, आणि प्रत्येक पायरीमागे मोजमापाचा एखादा मुद्दा आहे.

1. छातीचा आकार बघा. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करा आणि बाजूने पाहा. छाती जिथे सगळ्यात अरुंद, तिथे तंग आपोआप सरकतो. ही खाच खोगिराच्या पट्ट्यांच्या सरळ खाली असेल तर सरळ तंग चालतो. खाच पुढे, अगदी कोपराला लागून असेल, तर सरळ तंग पुढे सरकतो आणि खोगिरालाही खांद्यावर ओढतो. अशा वेळी कोपरामागे कापून आत घेतलेला, आकार दिलेला तंग बघावा.

2. लांबी खोगीर घालूनच मोजा. एका बाजूच्या पट्ट्याच्या मधल्या भोकापासून छातीखालून दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोकापर्यंत. दोन्ही बाजूंना वर-खाली भोकं शिल्लक राहायला हवीत, आणि बकल दोन्हीकडे साधारण सारख्या उंचीवर. आखूड तंग घेणार असाल तर बकल कोपराच्या मागे येत नाही ना ते बघा. दाबाची शिखरं तिथेच असतात हे आपण वर पाहिलं. त्याच जागी लोखंड नको.

3. इलॅस्टिक असेल तर दोन्हीकडे. एकाच बाजूला इलॅस्टिक असलं की ताणाला एक बाजू दाद देते, दुसरी देत नाही. शिवाय इलॅस्टिक ओढायला सोपं, त्यामुळे नकळत जास्त आवळलं जातं.

4. साहित्य. चामडं टिकतं, पण तेल-साबण करून मऊ ठेवावं लागतं. निओप्रिन घसरत नाही, पण उष्णता आणि घाम धरून ठेवतं. सुती तंग घाम शोषतो, मात्र धुतला नाही तर खारून कडक होतो आणि कातडी सोलतो. साहित्य कुठलंही असो, कड मऊ आणि स्वच्छ हवी.

5. हळूहळू आवळा. आधी सैल लावा, घोड्याला थोडं चालवा, मग एकेक भोक. आवळल्यावर पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा म्हणजे कातडीच्या सुरकुत्या निघतात. स्वार बसल्यावर पुन्हा तपासा.

दोन बोटांची कसोटी आणि तिचा घोळ

तंग किती घट्ट, हे बघायला बोटं घालून पाहायची पद्धत सगळीकडे आहे. कसोटी सोपी, फुकट, पटकन होणारी. पण कोणाची बोटं? सडपातळ मुलीची की तीस वर्षं खरारा केलेल्या माणसाची? आणि कुठे घालायची, मधल्या हाडाखाली की बरगडीच्या बाजूला? जागा बदलली की उत्तर बदलतं. याला विश्वासार्हतेचा प्रश्न म्हणतात: दोन माणसांनी एकच गोष्ट मोजली तर उत्तर एकच येतं का? नाकपट्टीच्या बाबतीत हाच घोळ ओळखून इंटरनॅशनल सोसायटी फॉर इक्विटेशन सायन्स या संस्थेने बोटांऐवजी वापरायची एक निमुळती पट्टी तयार केली. तुमच्या अभ्यासातली 'दोन बोटं' कुठली आहेत ती शोधा.

घामाच्या खुणांचंही तसंच. स्वारीनंतर तंगाखाली एखादा कोरडा डाग दिसला, तर तिथे पट्टा टेकलाच नसेल, किंवा उलट इतका दाबला असेल की घामच आला नाही. एकाच खुणेचे दोन विरुद्ध अर्थ! ही वैधतेची अडचण. म्हणून ती खूण एकटी वापरू नका. सोबत केस उलटे फिरलेत का, सूज आहे का, कातडी सोलली आहे का, जुन्या जागी पांढरे केस उगवलेत का, हे बघा.

घोडा काय सांगतो?

तंग हातात घेतला की कान मागे टाकणं, वळून चावायला जाणं, शेपटी झटकणं, बाजूला सरकणं. याला बरेच लोक 'खोड' म्हणतात. पण वागणूक हाही डेटाच आहे. स्यू डायसन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये स्वारी चालू असतानाच्या 24 वर्तनांची यादी मांडली. त्यांपैकी 8 किंवा अधिक दिसली तर घोड्याला वेदना असण्याची शक्यता बरीच वाढते. 'मला वाटतं घोडा दुखावलाय' याच्या जागी मोजता येणारी यादी आली, हे त्या कामाचं मोल.

आणि तंगाला चिडणारा घोडा म्हणजे तंगच वाईट, असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या एका पशुरुग्णालयाच्या नोंदींवरून 2019 मध्ये अशा 37 घोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जठरातले व्रण आणि पायांचे, सांध्यांचे विकार ही निदानं ठळक होती. म्हणजे नवा, महागडा तंग घेऊनही घोडा चिडत असेल तर दुकानात परत जाण्याआधी पशुवैद्याकडे जा. अर्थात हे घोडे रुग्णालयात आणलेले होते. साध्या कुरबुरीचे घोडे तिथवर पोचतच नाहीत. निवडीचा हा कल लक्षात ठेवूनच आकडे वाचायचे.

तुमचा अभ्यास आखायचा झाला तर

समजा तुम्हाला दोन तंगांची तुलना करायची आहे. प्रत्येक घोड्यावर दोन्ही तंग वापरा, म्हणजे घोडा स्वतःचाच तुलनेचा आधार होतो. कुठला आधी, हे चिठ्ठी टाकून ठरवा. नाहीतर दुसरा तंग केवळ घोडा दमलाय किंवा सैलावलाय म्हणून चांगला-वाईट ठरेल. स्वाराला कुठला तंग ते लपवता येणं कठीण, पण व्हिडिओ बघून गुण देणाऱ्यापासून लपवता येतं. आणि 10 घोड्यांची प्रत्येकी 20 पावलं मोजली तर तुमचं सॅम्पल 200 होत नाही. ते 10 च राहतं. ही चूक व्हायव्हामध्ये बरोब्बर पकडली जाते!

शेवटचा मुद्दा, निष्कर्ष कोणाला लागू? 2013 च्या अभ्यासातले घोडे वरच्या दर्जाचे क्रीडा-घोडे होते, स्वारही तसेच. माथेरानला दिवसभर वेगवेगळ्या वजनाचे पर्यटक पाठीवर घेऊन लाल मातीच्या चढणीवर चालणारा घोडा वेगळा, त्याचं खोगीर वेगळं, कामाचे तासही वेगळे. तिथे युरोपातला आकडा तसाच चिकटवता येणार नाही. प्रश्न मात्र नेता येतो: दाब कुठे येतो, कातडी काय सांगते, घोडा काय सांगतो?

आता तुमचं काम. तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात मोकळा शब्द शोधा आणि त्याच्यासमोर तीन रकाने आखा: यंत्राने काय मोजेन, शरीरावर किंवा कागदावर कुठली खूण बघेन, वागणुकीत काय बघेन. तिन्ही रकाने एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तुमच्या शब्दाला आधार आहे. तीन दिशांना जात असतील तर निराश होऊ नका, तिथेच तुमचा खरा संशोधन-प्रश्न दडलेला असतो.