धक्का नव्हे, टकटक

'मेंदूवर चुंबकाचा उपचार' असे म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातला 'शॉक' उभा राहतो आणि नैराश्याने खचलेला माणूस उपचारापासून आणखी दूर जातो. म्हणून या दोहोंतला फरक नीट समजून घ्यायला हवा.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवले. १९८५ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे डोक्यावर धरले, आणि हाताचे स्नायू हलले. कवटीला धक्का न लावता मेंदूतल्या पेशी चेतवता आल्या होत्या.

नैराश्यात हे वेटोळे बहुधा डोक्याच्या पुढच्या डाव्या भागावर ठेवतात. शॉक-उपचारात भूल देऊन मुद्दाम आकडी आणतात. गंभीर आजारात तो आजही गुणकारी आहे. इथे मात्र भूल नाही, आकडी आणणे नाही. रुग्ण जागा असतो, टकटक ऐकतो आणि उठून घरी जातो.

औषधाने गुण न आलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत २००८ साली याला मान्यता मिळाली. आठवड्याचे पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावे लागते. डोके दुखू शकते, क्वचित आकडीही येते. डोक्यात धातूचे उपकरण असेल तर हा उपचार सहसा वर्ज्य. शिवाय गुण सर्वांनाच येतो असे नाही.

तेव्हा भीती आणि भाबडी आशा दोन्ही दाराबाहेर ठेवूनच मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.