पूल कसा उभा राहतो? बालवर्गातले चार रविवार

९ जुलै २०२५ च्या सकाळी पादऱ्याजवळचा महीसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. वाहने नदीत पडली, वीसच्या आसपास माणसे गेली, आणि तुटलेल्या टोकावर अडकलेला एक टँकर पुढे काही आठवडे तसाच अधांतरी होता. बडोद्यातल्या प्रत्येक घरात तो टँकर रोज टीव्हीवर दिसत होता, आणि मुलेही तो पाहत होती.

त्यानंतरच्या रविवारी मंडळाच्या बालवर्गात श्लोक म्हणून झाले, गोष्ट सुरू करणार तोच पादऱ्याहून येणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलीने विचारले, "माझा मामा बोरसदला राहतो. आम्ही त्याच पुलावरून जातो. आता सगळे पूल पडणार का?"

"नाही गं, घाबरू नकोस," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. ती काही मोकळी झाली नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. शेवटी ठरवले, की ठरलेला अभ्यासक्रम बाजूला ठेवायचा आणि पूल उभा कसा राहतो हेच शिकवायचे. उभा राहण्याचे कारण कळल्याशिवाय पडण्याचे कारण कळत नाही. एका रविवारचे चार रविवार झाले. बऱ्याच पालकांनी घरी करून पाहण्यासाठी विचारले, म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवात आम्ही पुलांच्या नावांनी केली नाही. शाळेच्या पुस्तकातले प्रकार मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आधी दोनच शब्द घेतले, दाब आणि ताण. ताण आपल्या मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. उत्तरायणात पतंग वर गेला की दोरी बोटाला कशी काचते, हे पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. दाबासाठी दोन मुलांना समोरासमोर उभे केले, तळहात तळहाताला टेकवले आणि दोघांनाही एकेक पाऊल मागे सरकायला सांगितले. दोघे एकमेकांवर रेलले आणि कमान झाली. मग पाय घसरू लागले, तेव्हा बाकीची मुले धावत जाऊन त्यांच्या टाचांना टेकून बसली. कमान पुन्हा घट्ट झाली. कमान स्वतःच्या वजनाने बाजूंना रेटा देते आणि तो रेटा अडवायला दोन्ही टोकांना भक्कम आधार लागतो, हे तिथे कोणाला सांगावेच लागले नाही. मांडवीच्या आणि लहरीपुरा दरवाज्याच्या कमानी मुलांनी शंभर वेळा पाहिल्या आहेत. पुढच्या रविवारी दोघे-तिघे त्या पुन्हा पाहून आले होते.

मग स्पंज घेतला. भांडी घासायचा नवा, जाड स्पंज, त्याच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारलेल्या. दोन वाट्यांवर ठेवून मध्ये बोटाने दाबला, की वरच्या अंगाला रेघा जवळ येतात आणि खालच्या अंगाला फाकतात. म्हणजे सरळ आडव्या पुलात वर दाब आणि खाली ताण, दोन्ही एकाच वेळी. दगड आणि काँक्रीट दाब छान सोसतात, ताणाला मात्र चटकन तडकतात. म्हणून काँक्रीटच्या तुळईत खालच्या बाजूला लोखंडी सळया घालतात. एका आजोबांनी इथे "तुळई" हा शब्द पुरवला. मुले "बीम बीम" म्हणत होती. जुन्या वाड्यातल्या माळ्याखालच्या तुळया आता कोणाच्या घरात उरल्या नाहीत, पण शब्द वर्गात टिकला. बडोद्यात हे काही नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, तेव्हा तंत्रविद्या देशी भाषेतून शिकवण्याचा तिथे आग्रहच होता.

कागदाचा प्रयोग सर्वांत गाजला. पुस्तकांच्या दोन थप्प्या, मध्ये वीतभर अंतर, वर एक साधा कागद. चार नाणी ठेवली की कागद खाली. तोच कागद पंख्यासारख्या घड्या घालून ठेवला, की वाटीभर नाणी पेलतो. कागद तोच, पण आता त्याला उंची आली. पंख्याच्या घड्या पाहून एका मुलाने पत्र्याच्या छपराची आठवण काढली, तीही बरोबरच होती.

त्रिकोण शिकवायला आईस्क्रीमच्या काड्या आणि टाचण्या पुरतात. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. त्यात एक तिरपी काडी बसवून दोन त्रिकोण केले, की हलत नाही. मुंबईला जाताना भरूचला रेल्वेतून लोखंडी पट्ट्यांच्या जाळीचा जुना गोल्डन ब्रिज दिसतो. नर्मदेच्या पुरांनी आधीच्या पुलाची वरचेवर मोडतोड केल्यावर तो १८७७ मध्ये बांधायला घेतला आणि १८८१ मध्ये पुरा झाला. पुढच्या प्रवासात त्यातले त्रिकोण मोजायचे काम मुलांना जरूर द्या, प्रवासही बरा जातो. त्याच नर्मदेवर भरूचलाच २०१७ मध्ये सुरू झालेला नवा पूलही आहे. त्याच्या खांबांपासून तिरपे दोर थेट रस्त्याला येऊन मिळतात.

दोरांचे पूल करताना आमचीच फजिती झाली. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांच्या पाठींवरून सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याचा रस्ता टांगला. वजन ठेवताच दोन्ही खुर्च्या आत झुकल्या आणि पूल जमिनीवर. झुलत्या पुलाचा मुख्य दोर खांबांवरून पलीकडे नेऊन जमिनीत घट्ट गाडावा लागतो, हे आम्ही तोंडाने सांगायच्या आधीच खुर्च्यांनी सांगितले. मग दोन मोठी मुले सुतळीची टोके धरून मागे बसली.

इथे आठ-दहा वर्षांच्या मुलांनी मोरबीचा विषय काढला. टाळावा की नाही, यावर आमच्यात थोडे मतभेद झाले. शेवटी सांगितले. ३० ऑक्टोबर २०२२ ला तो झुलता पूल तुटला आणि १३५ माणसे गेली. तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार एका मुख्य दोरातल्या ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या आणि बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. आम्ही दोऱ्याचे सात पदर एकत्र पिळले, त्यातले तीन आतल्या आत कापले आणि बाहेरून पुन्हा पिळून दिले. मुलांना दाखवले, काही फरक दिसतो का? नाही. मग दोन्ही दोरांना चण्यांच्या सारख्याच पिशव्या टांगल्या. एक टिकला, एक तुटला. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

गंभीरा मात्र झुलता पूल नव्हता, साधा आडव्या तुळयांचा होता, १९८५ मधला. असा लांब पूल एकसंध नसतो. उन्हात काँक्रीट फुगते, थंडीत आकसते, म्हणून तुकड्यांमध्ये फट ठेवावी लागते. मोटारीत बसल्यावर पुलावर ठरावीक अंतराने "धडक-धडक" ऐकू येते, ती हीच. प्रत्येक तुकडा दुसऱ्या कशावर तरी टेकलेला असतो आणि सारे वजन त्या छोट्या जागेतून खाली उतरते. गंभीरा पुलात टेकूची आणि सांध्याची जागा चुरडली गेली, असे प्राथमिक चौकशीनंतर सरकारने सांगितले. यासाठी आम्ही लाकडी फूटपट्टीची दोन टोके दोन खोडरबरांवर टेकवली. एक नवे, एक जुने आणि भेगाळलेले. पट्टीवर पुस्तके रचत गेलो. जुने रबर फुटले आणि पट्टी खाली आली. "पण पट्टी तर मोडली नाही!" ती पादऱ्याची मुलगी म्हणाली. तिला जे हवे होते ते बहुधा तिथे मिळाले. सगळे पूल आपोआप पडत नाहीत, पडणाऱ्याची एक जागा असते आणि ती बघता येते.

चौथ्या रविवारी मुलांनीच पूल बांधले. प्रत्येक गटाला दहा वर्तमानपत्रे, एक चिकटपट्टी, दोन टेबलांमधले दोन फूट अंतर. अट अशी, की आधी चित्र काढायचे आणि पूल किती पुस्तके पेलायला हवा ते लिहायचे. आम्ही पाच पुस्तके म्हटली तर दहा पेलतील असा बांधायचा, कारण खरे अभियंतेही लागेल त्याहून जास्त ताकद ठेवतात. मग मोडेपर्यंत वजन वाढवायचे. मोडला की रडायचे नाही, कुठे मोडला तिथे लाल खूण करायची आणि दुसऱ्या खेपेला फक्त तेवढीच जागा सुधारायची. पहिल्या खेपेला सगळे पूल सांध्यांवर मोडले, कागदाची गुंडाळी कुठेच मोडली नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना चित्राची अट जड जाते, त्यांना आधी खेळू द्यावे. आणि पालकांना एक प्रेमाची विनंती. एक सुरेख, बिनचूक त्रिकोणी पूल घरून तयार होऊन आला होता. बाबांनी रात्री जागून केलेला. आम्ही त्याचे कौतुक केले आणि तो कपाटावर ठेवला. त्या मुलाने मग वर्तमानपत्राचा स्वतःचा वाकडा पूल बांधला, दोनदा मोडला, तिसऱ्यांदा आठ पुस्तके पेलली.

पादऱ्याची मुलगी गेल्या महिन्यात मामाकडे जाऊन आली, वासदमार्गे. महीच्या पुलावर तिने धडक-धडक मोजली म्हणे, आणि वडिलांना विचारले, "या सांध्यांखाली बघायला कोण जातं? किती दिवसांनी?" वडिलांना सांगता आले नाही, आम्हालाही नाही. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आपले एक सभासद पुढच्या रविवारी बालवर्गात येणार आहेत. मुलांनी प्रश्नांची यादी केली आहे, त्यात हा पहिला आहे. मोठ्यांनीही यावे, खुर्च्या मांडलेल्या असतील.